कर्ता तसे क्रियापद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत स्वागतगीत आणि अल्पोपाहार यांच्यामध्ये ‘इंग्रजी वाक्यातील कर्ता व क्रियापद’ असा विषय छापलेला पाहून पुष्कळजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वर्धापनदिन म्हणजे आनंदाचा दिवस. त्या दिवशी व्याकरणाचा तास कशाला, असे कोणालाही वाटेल. पण विषय मी मागून घेतलेला नाही. आपल्या चिटणीसबाईंनी तो दिला आणि त्यांना तो का द्यावासा वाटला, हेही मला ठाऊक आहे. मंडळाच्या दुपारच्या इंग्रजी वर्गात ज्या भगिनी येतात त्यांतील कोणाचा नातू इंग्रजी शाळेत आहे, कोणाची लेक परदेशी आहे, कोणाला बँकेत नाहीतर दवाखान्यात चार वाक्ये बोलावी लागतात. त्या सर्वांचे गाऱ्हाणे एकच असते: “शब्द येतात हो, पण तोंड उघडायचा धीर होत नाही. ‘इज’ म्हणावे की ‘आर’?” या दोन इवल्याशा शब्दांनी किती शहाण्या बायकांची तोंडे बंद करून ठेवली आहेत, याची मोजदाद कोणी केली नसेल. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

प्रथम आपण आपल्या घरात पाहू. कर्ता बदलला की क्रियापद बदलते, हे काही इंग्रजांनी आपल्याला शिकवलेले नाही. ‘जाणे’ हे साधे क्रियापद घ्या. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता, ते जातात. वर्तमानकाळातच सहा निरनिराळी रूपे झाली. इंग्रजीत त्याच जागी दोनच आहेत: ‘गो’ आणि ‘गोज’. पुरुष गेला काय आणि बाई गेली काय, इंग्रजी क्रियापदाला त्याची गंधवार्ता नसते.

आणि आपल्या भूतकाळाची तऱ्हा तर त्याहून न्यारी. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलीने आंबा खाल्ला’. खाणारा बदलला तरी क्रियापद ढिम्म हलले नाही. पण ‘मुलाने पोळी खाल्ली’ म्हणताच ते बदलले. म्हणजे येथे क्रियापद खाणाऱ्याच्या मागे न जाता खाण्याच्या पदार्थामागे गेले. आणि ‘आईने मुलींना बोलावले’ यात ते ना आईचे ऐकते, ना मुलींचे. आपले स्वतंत्र उभे राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग आपल्या व्याकरणकारांनी सांगितले आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले, आणि 1911 साली मोरो केशव दामल्यांनी त्यावर मोठा ग्रंथ केला. तो ग्रंथ उघडून पाहिलात तर आपण रोज भाजी निवडताना केवढे अवघड शास्त्र लीलेने वापरतो, हे पाहून आपल्यालाच नवल वाटेल. ही सारी कसरत जिला जन्मापासून जमते, तिने ‘इज’ आणि ‘आर’ यांना भ्यावे, हे मला पटत नाही.

आता इंग्रजीकडे वळू. तेथे कर्ता पाहून क्रियापद बदलण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. भविष्यकाळात ते नाहीत. ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ या शब्दांबरोबर नाहीत. भूतकाळातही ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही एक जोडी सोडली तर नाहीत. ‘शी वेंट’, ‘दे वेंट’, सारखेच. उरला वर्तमानकाळ. त्यातल्या चार जागा सांभाळल्या की झाले: ‘ॲम, इज, आर’, ‘हॅज, हॅव’, ‘डझ, डू’, आणि बाकीच्या क्रियापदांना लागणारा शेवटचा एस.

या एसने मात्र आपल्याला फार छळले आहे. कारण तो आपल्या सवयीच्या उलट वागतो. मराठीत ‘मुलगी गाते, मुली गातात’. अनेकवचन झाले की नामही बदलते आणि क्रियापदही लांबते. इंग्रजीत ‘द गर्ल सिंग्ज’ आणि ‘द गर्ल्स सिंग’. मुली अनेक झाल्या तेव्हा नामाला एस लागला आणि क्रियापदाचा गळून पडला! आपण सवयीने दोघांनाही एस लावतो, किंवा घाबरून कोणालाच लावत नाही. वर्गात मी सांगते की हा एस एका वेळी एकाच घरी जेवतो. नामाकडे गेला तर क्रियापदाकडे नाही, क्रियापदाकडे गेला तर नामाकडे नाही. अर्थात ही आठवणीपुरती खूण झाली. ‘विमेन’, ‘चिल्ड्रेन’ असल्या शब्दांना अनेकवचनात एस नसतो, तरीही ‘विमेन सिंग’ असेच म्हणायचे. म्हणून खरी कसोटी अशी: कर्त्याच्या जागी ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ बसतो का पाहावे. बसला तर क्रियापदाला एस. ‘दे’ किंवा ‘वुई’ बसला तर नाही. ‘आय’ आणि ‘यू’ यांनाही नाही.

नकारार्थी वाक्यात पुष्कळजणी ‘शी डझ नॉट कुक्स’ असे म्हणतात. येथे एस ‘डझ’ने आधीच घेतला, तेव्हा ‘कुक’ मोकळाच राहिला पाहिजे. हे अवघड वाटत असेल तर मराठीकडे पाहा. ‘ती जात नाही’, ‘त्या जात नाहीत’. बदलले काय? ‘नाही’ बदलले, ‘जात’ जसेच्या तसे राहिले. तोच न्याय ‘डझ नॉट गो’ आणि ‘डू नॉट गो’ यांना आहे. सगळा भार पहिल्याने उचलला की दुसऱ्याने मोकळे राहायचे, ही रीत दोन्ही भाषांत सारखीच.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः उभी राहिले, ती सांगते. आपल्या वर्गात एक भगिनी येत असत. यजमान गेल्यानंतर पैशाच्या कामासाठी त्यांना एका कचेरीत अर्ज द्यायचा होता. कोणाचे साहाय्य न घेता त्यांनी तो स्वतः इंग्रजीत लिहिला. त्यात वाक्य होते, ‘माय हजबंड हॅव एक्स्पायर्ड’. टेबलामागच्या गृहस्थांनी ते वाक्य शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवले आणि दोघे हसले. बाई काही न बोलता परत आल्या. त्यानंतर सारे कागद त्यांनी पुतण्याच्या स्वाधीन केले. तो दाखवील तेथे सही करू लागल्या. पुतण्या सज्जन होता, हे त्यांचे भाग्य. पण स्वतःच्या पैशाच्या कागदावर काय लिहिले आहे हे न वाचता सही करण्याची पाळी एका समजदार बाईवर आली ती ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ पडला म्हणून.

आता तो ‘हॅव’ कोठून आला, याचा विचार करा. आपण ‘यजमान वारला’ असे म्हणतो का? ‘यजमान वारले’ असेच म्हणतो. ‘सासूबाई आल्या आहेत’, ‘गुरुजी बसले आहेत’, ‘बाबा जेवत आहेत’. माणूस एकच, पण आदरासाठी क्रियापद अनेकवचनी. त्या बाईंनी इंग्रजी लिहितानाही पतीचा मान राखला, एवढाच त्यांचा अपराध! इंग्रजीत तिसऱ्या माणसाचा आदर क्रियापदात दाखवायची सोयच नाही. सासूबाई असोत की मोलकरीण, राष्ट्रपती असोत की शेजारचा बंडू, एक माणूस म्हटला की ‘इज’ आणि ‘हॅज’. आदर दाखवायचा तर तो नावामागच्या ‘मिस्टर’, ‘मिसेस’ यांत, ‘प्लीज’सारख्या शब्दांत, किंवा बोलण्याच्या सुरात. तेव्हा ‘माय मदर-इन-लॉ हॅज कम’ म्हणताना सासूबाईंचा उपमर्द केल्यासारखे वाटून घेऊ नका. तो इंग्रजांचा घरचा रिवाज आहे. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की आपल्या निम्म्या चुका नाहीशा होतील, असे वर्गातल्या अनुभवावरून मी सांगते.

गंमत अशी की समोरच्या माणसाशी बोलताना इंग्रजही एके काळी आपल्यासारखेच वागत. ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ मूळचा तुम्ही. मोठ्या माणसाला ‘यू’ म्हणता म्हणता सगळ्यांनाच ‘यू’ म्हणू लागले आणि ‘दाउ’ नित्याच्या बोलण्यातून गेला. पण ‘यू’बरोबरचे क्रियापद अनेकवचनीच राहिले. म्हणून समोर एक जण असला तरी ‘यू आर’, जसे आपले ‘तुम्ही आहात’. अठराव्या शतकात एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणणारेही पुष्कळ होते, लिहिणारेही होते. 1762 साली रॉबर्ट लौथ नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या इंग्रजी व्याकरणात ‘यू वॉज’ला मोठी चूक ठरवले. म्हणजे इंग्रजांनासुद्धा ‘वॉज’ की ‘वेअर’ याविषयी शिकवावे लागत होते! ‘गोज’मधला एसदेखील मूळचा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. तो हळूहळू दक्षिणेत उतरला. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘गोज’ नाही, ‘गोएथ’ आहे. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉरफोककडच्या जुन्या बोलीत तर ‘ही गो’ असेच म्हणत आले आहेत. एस गाळणारा मनुष्य अडाणी असतो, असे मुळीच नाही. लेखी इंग्रजीचा तो एक संकेत आहे. संकेत शिकून घ्यावा, पाळावा. पण त्यावरून कोणाच्या अकलेचे मोजमाप करू नये आणि करूही देऊ नये.

आता थोडे स्वयंपाकघरात आणि कपाटात डोकावू. काही वस्तू मराठीत अनेक असतात आणि इंग्रजीत एक. आपण तांदूळ निवडले म्हणतो, पण ‘राइस इज’. आपले केस पांढरे झाले, पण डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर इज’. दागिने कपाटात आहेत, पण ‘ज्वेलरी इज’. टेबले, खुर्च्या, कपाटे सगळी मिळून ‘फर्निचर इज’. ‘बातम्या लागल्या’ म्हणतो, पण ‘न्यूज इज’. तेथे शेवटी एस दिसतो म्हणून फसायचे नाही. ‘मीझल्स’ म्हणजे गोवर, त्याचेही तसेच. उलट काही वस्तू आपल्याकडे एक आणि त्यांच्याकडे अनेक. कात्री एक, पण ‘सिझर्स आर’. चष्मा एक, पण ‘स्पेक्टॅकल्स आर’. विजार एक, पण ‘ट्राउझर्स आर’. दोन पाती, दोन भिंगे, दोन पाय, असा हिशेब ते करतात. ‘पोलीस’ या शब्दाला एस नाही, तरी ‘द पोलीस आर’. रकमेचे मात्र सोपे आहे. ‘पाचशे रुपये पुरेसे आहेत’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत सगळी रक्कम एकच धरून ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’.

लांब वाक्यात घोटाळा होतो तो निराळ्या कारणाने. ‘सभासदांची यादी तयार आहे’ या वाक्यात मुख्य शब्द ‘यादी’. तो क्रियापदाच्या जवळ बसला आहे, म्हणून मराठीत चूक होत नाही. इंग्रजीत मुख्य शब्द आधी येतो आणि त्याचा गोतावळा मागून: ‘द लिस्ट ऑफ मेंबर्स’. क्रियापदापाशी पोहोचेपर्यंत कानात ‘मेंबर्स’ घुमत असतो आणि आपण ‘आर’ म्हणून मोकळ्या होतो. तयार आहे ती यादी, सभासद नव्हेत, म्हणून ‘इज’. ‘वन ऑफ माय डॉटर्स लिव्ह्ज इन नागपूर’ यात नागपुरास राहते ती एक, सगळ्या मुली नव्हेत. उपाय एकच: ‘ऑफ’ आला की त्याच्या अलीकडे पाहावे. लग्नात वऱ्हाड कितीही मोठे असो, अक्षता नवरानवरीवरच पडतात.

या उपायाला अपवाद एकच सांगते, कारण तो मंडळाच्या अहवालात दर वर्षी येतो. ‘द नंबर ऑफ मेंबर्स इज’ म्हणजे सभासदांची संख्या अमुक आहे. येथे संख्या हा कर्ता. पण ‘अ नंबर ऑफ मेंबर्स आर’ म्हणजे पुष्कळ सभासद. येथे कर्ता सभासदच. ‘द’ आणि ‘अ’ एवढ्याने अर्थ फिरतो. ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांचे मात्र आपल्या ‘प्रत्येक’सारखेच, एकवचन. ‘एव्हरीबडी’चा अर्थ सगळे असा असला, तरी ‘एव्हरीबडी नोज’. आणि ‘कमिटी’ या शब्दाचे काय, असे चिटणीसबाई नेहमी विचारतात. ब्रिटनमध्ये मंडळींचा विचार मनात असेल तर ‘द कमिटी हॅव’ही लिहितात; अमेरिकेत बहुधा ‘हॅज’च. आपण ‘हॅज’ लिहावे आणि सबंध पत्रात तेच सांभाळावे.

हे सगळे केवळ शोभेसाठी आहे, असा समज होऊ नये म्हणून एक व्यवहारातले उदाहरण देते. समजा, एखाद्या संस्थेने बँकेसाठी इंग्रजी ठराव केला की ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज’ अमुक करण्यास मुखत्यार आहे. यातल्या ‘इज’चा अर्थ असा की चिटणीस आणि खजिनदार ही दोन्ही पदे एकाच बाईकडे आहेत, आणि तिची एकटीची सही चालेल. तेच ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर आर’ असे लिहिले, तर बायका दोन झाल्या. वर्गणीच्या पैशावर एका सहीचा पहारा की दोन सह्यांचा, हे ‘इज’ आणि ‘आर’ सांगून जातात. आणि ‘शॅल साइन’ असे लिहिले तर? ‘शॅल’ कर्ता पाहून बदलत नाही, तेव्हा क्रियापदावरून काहीच कळणार नाही. अशा वेळी ‘द’ दोनदा लिहावा आणि ‘दोघींनी मिळून’ अशा अर्थाचा ‘जॉइंटली’ हा शब्द घालावा. ज्या बाईला एवढे कळते, तिच्यापुढे ठरावाचा कागद ठेवून कोणी म्हणू शकणार नाही, “तुम्ही फक्त सही करा.”

आपल्या आधीच्या बायकांनी इंग्रजीसाठी काय सोसले, तेही आज आठवावे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली निघाले. इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांना कसा सहन करावा लागला, ते त्यात आहे. त्यांना हसणारे घरातच होते, तरी त्यांनी पुस्तक मिटले नाही. आनंदीबाई जोशी 1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर येथे सभेपुढे इंग्रजीत बोलल्या आणि आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जात आहोत, हे त्यांनी सांगितले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. ‘इज’ की ‘आर’ हे ठरेपर्यंत थांबायचे असे त्यांनी मनात आणले असते, तर त्या बोटीत बसल्याच नसत्या.

तेव्हा भगिनींनो, माझी विनंती थोडकी आहे. बोलताना अडखळू नका. एस राहिला तर राहू द्या. समोरच्याला अर्थ कळतो, आणि इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे तेही घाईत पुष्कळ चुकतात. पण लिहिलेला कागद पाठवण्यापूर्वी एकदा तीन प्रश्नांनी तपासा. कर्ता कोणता? तो एक की अनेक? आणि आदरापोटी मी एकाचे अनेक तर केले नाहीत? रोज पाच वाक्ये मराठीतून इंग्रजीत करा. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर असाच अभ्यास केला. आज हातातल्या फोनवर भाषांतर होते, चुकाही दाखवल्या जातात. त्याचा उपयोग जरूर करा. पण तुमच्या मंडळात सह्या करणाऱ्या एक की दोन, हे फोनला ठाऊक नसते. ते तुम्हालाच पाहिले पाहिजे. आणि घरातल्या मुलांना एक सांगा: आजीच्या इंग्रजीला हसण्यापूर्वी तिला एक प्रश्न विचारा, ‘मुलाने पोळी खाल्ली’ यात पोळी स्त्रीलिंगी म्हणून ‘खाल्ली’, मग ‘मुलीने पोळीला हात लावला’ यात ‘लावला’ का? आजी क्षणात सांगेल, की लावला तो हात. हेच ज्ञान तिला इंग्रजीतही उपयोगी पडणार आहे.

दुपारचा वर्ग दर आठवड्याला भरतो. वही, पेन्सिल आणि थोडा धीर एवढेच घेऊन यावे.